तांबड्या पेल्याचा मारवा

१

त्या शुक्रवारी मामांच्या बैठकीत गीताबाई यमन गाणार असं ठरलं होतं. त्यांनी मारवा लावला.

दाराच्या पडद्याआड मी, जानकीमामी आणि घरकामाची बायडाबाई कान देऊन बसलो होतो. दिवेलागणीची वेळ. बाहेर धारूरच्या किल्ल्याकडून वारं उतरत होतं आणि पडदा श्वास घेतल्यासारखा आतबाहेर होत होता. मारव्यात षड्जाला टाळत टाळत गातात म्हणे. मला तर तो राग ऐकला की वाटतं, आपण आपल्याच घराभोवती हिंडतोय अन् दार सापडत नाही.

"यमन कावून न्हाई?" बायडाबाई कुजबुजली.

मामीनं माझा हात धरला होता आणि तिची बोटं बर्फासारखी गार होती.

आत आधी कुजबुज, मग तक्क्यांची खसफस, मग बद्रीनाथकाकांची किंकाळी. पुरुषमाणूस इतक्या बारीक आवाजात ओरडू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं!

"सुंदरराव! मागं बगा! चित्र बगा! पेल्यात रगात हाय!"

२

आधी बैठकीबद्दल सांगते, नाहीतर काहीच कळायचं नाही.

सुंदररावमामांना दारू पिणाऱ्यांचा राग होता आणि दारूचा फार शौक होता. "ढोसणारा जनावर, चाखणारा माणूस," असं ते म्हणायचे. औरंगाबादेच्या छावणीतला एक गोरा साहेब त्यांना द्राक्षाच्या दारूच्या बाटल्या पाठवायचा. दर शुक्रवारी एकच बाटली फुटायची, आणि तिच्यासोबत एक शेर, एक राग आणि एक सवाल. जो जबाब देईल त्याला पहिला पेला. पेल्याला पेला का भिडवायचा? कारण डोळ्याला रंग मिळतो, नाकाला वास, जिभेला चव, ओठांना गारवा. एकटा कान उपाशी राहतो, म्हणून त्याला तेवढा किणकिणाट. असले सगळे जबाब मला पाठ होते. हैदराबादच्या शाळेतून सुट्टीला आले की मी पडद्याआडून मनातल्या मनात दर वेळी जिंकायची. पेला कोण देणार होतं म्हणा!

रागाचा कायदा साधा होता. दारू सोनेरी असेल तर यमन, तांबडी असेल तर मारवा.

आणि बैठकीचं दैवत म्हणजे ते चित्र. पाटाएवढं, दख्खनी कलमाचं, काचेआड. गालिच्यावर बसलेली एक बाई, मांडीवर तानपुरा, एका हातात पेला, मनगटाला गजरा. तिचे डोळे असे काढले होते की तुम्ही खोलीत कुठंही जा, ती तुमच्याकडेच बघायची. मामीच्या माहेराहून, सिरसाळ्याहून, ते आंदणात आलेलं. आता जहागिरीचं अडलेलं काम व्हावं म्हणून मामा ते हैदराबादच्या एका नवाबसाहेबांना नजराणा देणार होते. नवाबसाहेब त्यासाठीच आले होते, आणि त्या शुक्रवारी पुरुष चित्राकडे पाठ करून त्यांच्याभोवती बसले होते. चित्राकडे तोंड एकट्या गीताबाईंचं.

म्हणजे गावानं काय पाहिलं? बाईनं मारवा लावला. लोकांनी वळून पाहिलं. चित्रातली सोनेरी दारू रक्तासारखी लाल झालेली, आणि मनगटावरच्या पांढऱ्या मोगऱ्यावरही रक्त उडालेलं.

सकाळपर्यंत सगळ्या धारूरात एकच शब्द झाला. भानामती.

३

शनिवारी आश्रुबा पाटील अंगणात येऊन उभे राहिले. मामा ओट्यावर, खाली मान घालून.

"सुंदरराव, बाईला चावडीमागं कोंडलीय," पाटील म्हणाले. "उद्या कासराभर दिस वर आला की तिला तुमच्या बैठकीत आणतो. चित्र व्हतं तसं करून दिलं तर गाव सोडून जा म्हनू. न्हाईतर दात पाडायचे. दात पडले की मंतर फुटत न्हाई तोंडातनं."

"पोलीसठाण्याच्या अमीनसाहेबांना येऊ द्या की," मामा पुटपुटले.

"अमीनसायेब येस्तवर गावात आजून काय काय लाल व्हईल, ते तुमी निस्तरनार?"

नवाबसाहेबांनी ते अपशकुनी चित्र घ्यायला नकार दिला होता आणि सोमवारी निघायची तयारी चालवली होती. मामांचं तोंड त्या दिवशी उतरलेलं ते उतरलेलंच.

दात पाडायचे! गाणाऱ्या बाईचे! पुढचे दात गेले की शब्द हवेत फुसकन निघून जातात. गीताबाईंना गाण्याशिवाय दुसरं काहीही येत नव्हतं, आणि त्यांच्यामागं कुणीही नव्हतं. मी ठरवलं, उद्या सूर्य कासराभर वर यायच्या आत हे कोडं सोडवायचं. वर्गात गणितात पहिली येते मी, उगीच नाही.

सुरुवात स्वयंपाकघरातून केली.

"बायडाबाई, पेल्यातली दारू आधी कुठल्या रंगाची होती गं?"

"लालच की!" भाकरी थापता थापता ती म्हणाली. "रोज सकाळी समया घासाया जाते मी तितं. लाल दारू, अन् हातात अबोलीचा गजरा. मान्सं पिल्यावर त्यांला कायबी दिसतंय, बाय."

माझ्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. कारण मलाही लालच आठवत होती! सुट्टीत सकाळी सकाळी मी कितीदा तिथं बसून केस विंचरले होते. लाल पेला, अबोलीचा गजरा, डोळ्यांसमोर अगदी स्वच्छ.

"मामी, तुला काय आठवतं?"

मामी चुलीतलं लाकूड सारत होती. "वच्छे, त्या चित्राचं नाव काढू नको," एवढंच ती म्हणाली.

मग मी बद्रीनाथकाकांना गाठलं. डोक्याला फडकं बांधून ते खाटेवर पडले होते.

"काका, खरं सांगा. काल किती घेतली होती?"

"आलीस का, कोतवालीन!" ते उठून बसले. "एक थेंब न्हाई! पयला पेला जबाब दिल्याबगर मिळत न्हाई, अन् मला धा वर्सात कंदी मिळाला न्हाई. सवाल चालूच व्हता तवर हे झालं. काळ्या द्राक्षाची दारू सोनेरी कशी? सांग बरं तू."

"रंग सालीत असतो काका, रसात नाही. साली लगेच काढल्या की रस फिका."

"घ्या! हिला पडद्यामागं बशीवलंय अन् आमाला म्होरं!" मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "पर पोरी, त्या चित्रात सोनेरीच दारू व्हती. अन् मोगरा. माज्या आईची आन. आमी समदे येडे व्हय?"

म्हणजे कुणीच प्यालेलं नव्हतं. सगळे पुरुष म्हणत होते सोनेरी आणि मोगरा. मी आणि बायडाबाई म्हणत होतो लाल आणि अबोली. कुणीही खोटं बोलत नव्हतं. आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं मला खोटं कसं म्हणवेल? त्या दुपारी पहिल्यांदा मला त्या चित्राची खरोखर भीती वाटली. ती बाई पुरुषांना एक पेला दाखवते आणि बायकांना दुसरा!

४

चावडीमागच्या गोठ्यावर सटवा नावाचा पहारेकरी होता. मी मामांचं नाव सांगितलं, आणि तो बाजूला झाला. बिचारा स्वतःच आत बघायला भीत होता.

गीताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी पाण्याचा लोटा दिला. त्यांनी आधी चूळ भरली, मग जिभेनं एकेक दात चाचपला.

"आक्का, तुम्ही मारवा का लावला?"

"का म्हंजे? कायदा हाय न्हवं बैठकीचा. म्या बसले, समोर नदर टाकली, पेला तांबडा दिसला. मला वाटलं रावसायबांनी चित्र बदाललं, आज तांबडी दारू खोलनार. म्हनून मारवा. पेल्याच्या रंगावर म्या चालते. पेला माज्या गाण्यावर चालत न्हाई."

"पण आधी, आधी तो कसा होता?"

"सोनेरी. मध घातल्यावानी. अन् मोगरा."

मी उडालेच! एक बाई, आणि तिला सोनेरी दिसत होता. म्हणजे बाई-पुरुष हा भेद नव्हताच मुळी.

"नीट आठवून सांगा. आणखी काही वेगळं दिसलं?"

त्यांनी डोळे मिटले. "कपाळ. त्या बाईचं कपाळ मोकळं व्हतं, पोरी. आमच्यासारख्या गानारणीचं असतं तसं. म्या दर शुक्रवारी तिच्याकडं बघून गायचे, मला म्हाईत हाय. काल तिला कुंकू व्हतं."

बाहेर सटवा खाकरला. मी उठताना गीताबाईंनी माझा पदर धरला.

"येक इच्यारू? दात पाडताना आधी वरचे पाडतात का खालचे?"

त्या हसल्या आणि हलक्या आवाजात, स्वतःशीच गुणगुणल्या, "डोळ्यांनी पी रे आधी, ओठांची घाई नको." माझ्यापाठोपाठ तो सूर गल्लीच्या टोकापर्यंत आला. दारं लावून बसलेल्या घरांतून कुणीतरी म्हणालं, "ऐका, मंतर म्हनतीय."

५

रविवारी उजाडायला मी बैठकीच्या खोलीत शिरले.

नेहमीच्या सवयीनं आधी खिडक्या लावून घेतल्या. रस्ता अगदी खिडक्यांखालून जातो, म्हणून घरातली बाई आत असली की खिडक्या बंद, हा त्या घरचा रिवाज. पुरुष आले की सताड उघड्या. सूर्य वर येत होता. खोली गार, आणि इतकी शांत की माझ्याच बांगड्यांनी मी दचकत होते. चित्रातली बाई माझ्याकडं बघत होती. पेला लाल. गजरा अबोलीचा. कपाळावर बारीक कुंकू. इतकी वर्षं मी तिच्याकडे बघतेय, आणि तिला कुंकू आहे की नाही, हे मला सांगता येत नव्हतं!

काचेवर धूळ होती. पुसायला मी माझा शाळेचा पांढरा रुमाल काढला आणि पेल्याजवळ नेला.

रुमाल लाल झाला.

मी ओरडले. रुमाल टाकला. माझे हात बघितले, तेही मनगटापर्यंत लाल! भिंतीला पाठ लावून मी उभी राहिले. खाली पडलेला रुमाल मात्र पांढराशुभ्र होता.

मी परत उचलला. चित्राच्या तोंडाजवळ धरला, पांढरा. खाली सरकवला, लाल. वर, पांढरा. खाली, लाल. आणि मग मी मागं वळून पाहिलं आणि एकटीच मोठ्यानं हसत सुटले.

खिडक्या! समोरच्या खिडक्यांना वरच्या ओळीत साधी काच आणि खालच्या ओळीत तांबडी. सकाळचं ऊन बंद खिडकीतून आलं की चित्राच्या वरच्या अर्ध्यावर पांढरं पडतं, खालच्या अर्ध्यावर लाल. मध लाल दिसतो, मोगरा अबोली होतो. आम्ही बाया फक्त सकाळी, बंद खिडक्यांत आत येणार. पुरुष आणि गीताबाई संध्याकाळी, उघड्या खिडक्यांत. एकच चित्र, दोन वेळा!

मी धावत जाऊन खिडक्या उघडल्या. रुमाल पांढरा झाला.

चित्रातला पेला लालच राहिला.

माझं हसू जागच्या जागी थिजलं. उघड्या उजेडातही लाल. म्हणजे हे ते चित्र नव्हतंच. कुणीतरी नक्कल करून टांगली होती, आणि नक्कल करणाऱ्यानं मूळ चित्र कायम बंद खिडक्यांतच पाहिलेलं होतं. त्याला पेला लाल दिसला, तो डोळ्यांत ठेवून त्यानं दुसरीकडे बसून इमानानं लाल रंगवला. आणि बाईचं मोकळं कपाळ हाताला सोसलं नाही, म्हणून नकळत कुंकू टेकवलं.

त्यानं नव्हे. तिनं.

बायडाबाईला धड रांगोळीही येत नाही. मी तर नव्हे. मी पाय न वाजवता मामीच्या खोलीत गेले. गेल्या सुट्टीत शाळेतून आणलेला रंगांचा डबा मी तिला दिला होता. तो पेटीत, जरीच्या लुगड्याखाली सापडला. बाकीच्या वड्या थोड्या थोड्या झिजलेल्या. तांबडी मात्र पत्र्यापर्यंत खरवडलेली.

दारात सावली पडली. मामी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. मग पुढं येऊन माझ्या हातातून डबा घेतला, झाकण लावलं आणि परत लुगड्याखाली ठेवला.

बाहेर माणसांचा गलका ऐकू आला. गीताबाईंना आणलं होतं.

६

खोलीत पंच, मामा, बद्रीनाथकाका आणि कोपऱ्यात नवाबसाहेब. मध्ये गीताबाई. एकाच्या हातात गोटा होता, नारळ फोडतात तसला. मी त्या गोट्याकडे बघायचं टाळलं.

"पालट," आश्रुबा पाटील म्हणाले. "व्हतं तसं कर."

"म्या काय केलंय ते पालटू?"

"थांबा!" मी पडदा सारून आत घुसले. मामा "वच्छला!" म्हणून ओरडले, पण मी थांबायची नव्हते. कपाटातली शुक्रवारची तशीच राहिलेली बाटली उघडली आणि पेला भरला. उजेडात तो मधासारखा चमकला.

"पाटीलबाबा, ही दारू कुठल्या रंगाची?"

"सोनेरी. पर तू..."

मी एकेक खिडकी लावली आणि पेला चित्राखाली धरला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो रक्तासारखा लाल झाला.

कुणीतरी "विठ्ठला!" म्हणालं. हातात गोटा असलेला माणूस दोन पावलं मागं सरला. बद्रीनाथकाकांनी मात्र हळूच येऊन आपल्या धोतराचा सोगा त्या उन्हात धरला, लाल झालेला बघितला, मागं घेतला, परत धरला.

"आरं तिच्या!" ते म्हणाले. "काच हाय ही! काचेचं ऊन!"

मी खिडक्या उघडल्या. दारू सोनेरी. कुणीतरी हसलं. माझी छाती अशी फुगली होती की विचारू नका. सगळ्या धारूराला मी भानामती कशी असते ते शिकवलं होतं!

"मग हे?" आश्रुबा पाटलांचं बोट चित्राकडं होतं. "खिडक्या उगड्या हायेत. हे कावून लालच हाय?"

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. उत्तर मला माहीत होतं. पण ते उत्तर मामी होती. मला माझ्या नऊवारीत पाय अडकल्यावरही सांभाळणारी, ताप आला की रात्र रात्र जागणारी मामी. भर पंचांत तिला चोर म्हणू? न म्हणावं, तर समोर गीताबाई होत्या, ओठ घट्ट मिटून.

"बोल की पोरी."

गोटा परत पुढं आला.

"बाईंचं काही नाही त्यात," पडद्याआडून आवाज आला.

जानकीमामी आत आली. पुरुषांच्या बैठकीत, उघड्या खिडक्यांत, डोक्यावर पदर घेऊन. तिच्या हातात लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिनं ते सोडलं आणि भिंतीवरच्या चित्राशेजारी उभं धरलं. सोनेरी पेला. मोगऱ्याचा गजरा. मोकळं कपाळ.

"हे खरं. भिंतीवरचं मी काढलं. मला लाल दिसलं, मी लाल काढलं. पेटीत ठेवताना कळलं, पण तवर नवाबसाहेब येणार म्हणून यांनी खोलीला कुलूप घातलं होतं."

"जानकी," मामा कसेबसे म्हणाले, "कशापायी?"

"ही माझ्या आजीची सख्खी बहीण. गाणं शिकली म्हणून घरानं काढून दिली. कुठं गेली, कशी मेली, कुणी विचारलं नाही. माहेरी हे चित्र फडक्यात गुंडाळूनच ठेवलेलं, मी तिला पाहिली ती इथंच. आमच्या घरात तिचं एवढंच राहिलं होतं, अन् तुम्ही ते जहागिरीच्या कामासाठी परक्याला देत होतात." ती क्षणभर थांबली. "दोन दिस मी गप बसले. बाईंना कोंडलं तरी गप बसले. भिंतीपल्याड एका गाणारणीचे दात पडणार, अन् मी दुसरीला पेटीत जपून ठेवलेलं."

गोटेवाला माणूस गोटा कुठं ठेवावा हे न कळून तो धोतराला पुसत राहिला. नवाबसाहेब दोन्ही चित्रांकडे बराच वेळ बघत होते. मग काहीही न मागता त्यांनी मामांना सलाम केला आणि बाहेर पडले. आश्रुबा पाटील खाकरले. "बाई, झालं गेलं. आता गावातच ऱ्हावा तुमी. आमी सांगतो सगळ्यांला."

गीताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

७

दुपारी त्यांची गाडी जुंपली. मामी अनवाणी फाटकापर्यंत गेली. मी मागं.

"आक्का, नका जाऊ," मी म्हणाले. मला अजूनही वाटत होतं की मी जिंकले.

"वच्छलाबाई, तुमी दात वाचीवले. लई उपकार झाले," त्या म्हणाल्या. "पर ह्या गावात तोंड उगडावं वाटंल, असं कायबी वाचलं न्हाई."

मामीनं खरं चित्र पुढं केलं. "हे तुम्ही न्या. तुमचंच आहे."

गीताबाईंनी ते हातात घेतलं. उन्हात त्या बाईचे डोळे आमच्या तिघींकडेही बघत होते. मग गीताबाईंनी पदराच्या टोकानं धूळ टिपली आणि चित्र परत मामीच्या हातात ठेवलं.

"हिला हितंच ऱ्हाऊ द्या, बाईसायेब. येक तरी गानारी ह्या घरात टिकू द्या."

गाडी घाटाकडं उतरली. मी कान देऊन उभी होते. बैलांच्या घुंगरांखेरीज काही ऐकू आलं नाही, आणि वळणानंतर तेही नाही.